'भरती'त नाव लागेपर्यंत

पेपरचं आयुष्य ते किती! त्यात आमच्या कॉलेजच्या पेपरचं तर विचारूच नका. सकाळी वाटलेला अंक दुपारी कट्ट्यावर बसायला, आणि आठवड्याभरात पालघर स्टेशनबाहेर भजी बांधायला. मी स्वतः लिहिलेल्या बातमीत बांधलेली मूगभजी मी खाल्ली आहेत. तेलानं निम्मी अक्षरं गेली होती आणि खरं सांगते, बातमी आधीपेक्षा बरी वाटत होती!

किस्से मात्र कुणी रद्दीत घालत नाही. ते साठत जातात, आणि प्रत्येक सांगणारा त्यात आपली चिमूटभर भर घालतो. आता शेवटच्या वर्षाची परीक्षा झाली, न्यूजरूमची किल्ली ज्युनिअर पोरांना देऊन टाकली, तरी जो भेटतो तो म्हणतो, "निकिता, ते बांगड्यांचं सांग ना!" सांगते. पण जरा दमानं.

न्यूजरूम म्हणजे केमिस्ट्री लॅबच्या शेजारची खोली. शेजारी प्रॅक्टिकल असलं की सडक्या अंड्यांचा वास आणि आम्ही नाकाला रुमाल लावून अग्रलेख लिहितोय, असा प्रकार. ह्या खोलीला न्यूजरूम म्हणायचं धाडस चुरी मॅडमच करू जाणे. त्या आधी मुंबईत एका दैनिकात होत्या, मग इथं पत्रकारिता शिकवायला आल्या. फोटो आणि पानं लावायचं काम सागरकडे. तो बोईसरचा. आईवडील जळगावकडून कारखान्यातल्या नोकरीसाठी आलेले, त्यामुळे घरात खानदेशी, गल्लीत हिंदी आणि वर्गात मराठी. आणि मी माकुणसारची. आमची पानवेलीची आणि केळीची वाडी.

* * *

पेपरचं नाव मॅडमनी ठेवलं 'भरती'. समुद्राकाठचा जिल्हा, भरती-ओहोटी, विचारांची भरती वगैरे वगैरे. आम्ही टाळ्या वाजवल्या. ह्या शब्दाला दुसराही एक अर्थ आहे हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही, कारण त्या दिवशी आम्ही सगळेच फार साहित्यिक झालो होतो!

पहिला अंक घेऊन मी आणि सागर बोईसर स्टेशनबाहेर उभे राहिलो. कंपन्यांची पाळी सुटायची वेळ होती. गठ्ठा हां हां म्हणता संपला. लोक अक्षरशः मागून मागून नेत होते. "भाई, एक और दे, रूममेट के लिए!" सागर असा फुलला की काय सांगू. म्हणाला, "निकी, मराठी पत्रकारितेला बोईसरनं तारलं!"

दुसऱ्या दिवशी फोन सुरू झाले. "फॉर्म कुठं मिळेल?" "पोलीस भरती का आर्मी?" "दहावी नापास चालतो का?" एक जण तर चांगलाच तापला होता. "मॅडम, पूरा पेपर पढ़ लिया, पहले पन्ने से आखिरी तक. नौकरी का एक शब्द नहीं है इसमें!"

मॅडमनी शांतपणे फोन ठेवला. म्हणाल्या, "एवढी वर्षं पेपरात काढली, पूर्ण पेपर वाचलेला माणूस आज पहिल्यांदा भेटला!"

पुढच्या अंकापासून आम्ही शेवटच्या पानावर कंपन्यांच्या गेटवर लागलेल्या नोकरीच्या पाट्या छापायला लागलो. आजही सगळ्यात जास्त वाचलं जातं ते तेच पान. माझे अग्रलेख त्याच्या पाठीमागे असायचे, एवढंच समाधान.

* * *

त्याच नावाचा आणखी एक. जिल्ह्याच्या एका कार्यालयात पत्रकार परिषद होती. आयुष्यातली पहिली! मी आईचा कॉटनचा ड्रेस इस्त्री करून घातला होता. दारात एक शिपाईकाका वही घेऊन बसलेले.

"कुठून आलात?"

"भरती," मी ऐटीत सांगितलं.

काकांनी मानही वर केली नाही. "भरती बंद हाय. वेबसाइट बघा."

"नाही हो काका, आम्ही पत्रकार..."

"पत्रकारांची भरती इथं होत नाय!"

* * *

आता मॅडमचा नियम सांगायला हवा, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. बातमी छापण्याआधी, ज्याची बातमी त्याला ती मोठ्यानं वाचून दाखवायची. तो माणूस "हां, मी असंच बोललो" म्हणाला, तर बातमीवर तुमचं नाव लागणार. नाही म्हणाला, तर दुरुस्त करून बातमी जाणार, पण वर 'आमच्या प्रतिनिधीकडून'. आणि माणसाला पढवायचं नाही. "म्हणा ना काकू, असंच बोलले म्हणून" असं केलंत की संपलं!

बाहेर कुठल्या पेपरात असला नियम नसतो, हे मॅडमनाही ठाऊक होतं. "बाहेर जाल तेव्हा बाहेरचं शिका," त्या म्हणायच्या. "इथं आधी ऐकायला शिका."

वर्गातल्या सगळ्यांची नावं पटापट लागली. सागरचं तर फोटोखाली प्रत्येक अंकात. माझं लागेना. घरी बाबा चष्मा लावून 'भरती' पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे आणि विचारायचे, "तुजा नाव कुठं हाय?" मी म्हणायची, "हे 'प्रतिनिधी' म्हणजे मीच." "मंग उद्या मी पन सांगेन, प्रतिनिधी मीच!" बाबा म्हणायचे आणि वाडीत निघून जायचे. त्यात चेष्टा होती, पण थोडी काळजीही होती. पोरगी खरंच काही करते आहे का, हे त्यांना कागदावर बघायचं होतं. मलाही.

नाव का लागत नव्हतं? तर शाळा! शाळेत मी "नाय" म्हटलं की बाई ओरडायच्या, "'नाय' नाही, 'नाही'!" मी गोंधळून विचारायची, "मंग 'नाय' म्हनू नाही का 'नाही' म्हनू नाय?" बाईंनी मला वर्गाबाहेर उभं केलं. तेव्हापासून हातात पेन आलं की माझ्या अंगात एकदम कुणीतरी भाषणं करणारा संचारायचा.

माझी पहिली बातमी पालघरच्या मासळी बाजारातल्या हिरामावशींची. मावशी म्हणाल्या होत्या, "पावसात बोटी बंद, मंग आमी खातो काय? सुकट! आनि सुकट संपली का एकमेकींची डोकी!" मी लिहिलं, 'पावसाळ्याच्या कालावधीत मासेमारी बंद राहत असल्याने महिला विक्रेत्यांच्या उदरनिर्वाहाचा प्रश्न ऐरणीवर आला आहे, अशी खंत त्यांनी व्यक्त केली.'

बाजारात जाऊन वाचून दाखवलं. मावशींनी कोयता बाजूला ठेवून, पदराला हात पुसून सगळं ऐकलं. मग शेजारणीला म्हणाल्या, "ह्या कोन बोललाय ते माहीत नाय गो. पन कोनी का असेना, बाई शिकलेली हाय!"

* * *

ह्या 'ऐरणीवर'नंतर मॅडमनी फळ्यावर बंदीचे शब्द लिहून ठेवले. 'प्रश्न ऐरणीवर', 'अनन्यसाधारण महत्त्व', 'प्रशासन खडबडून जागे'. यातलं काहीही लिहिलं की शिक्षा ठरलेली, सगळ्या न्यूजरूमला वडापाव. पहिल्या सत्रात पोरं माझ्या जिवावर जेवली म्हणा ना!

मग वर्धापनदिनाच्या अंकासाठी खुद्द प्राचार्यांचा संदेश आला. सागरनं वाचला आणि त्याचे डोळे चमकले. पहिल्याच वाक्यात 'अनन्यसाधारण', तिसऱ्यात 'ऐरणीवर'! पण मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार? मॅडमनी संदेश उचलला, दोन्ही शब्दांखाली लाल रेघ मारली, समासात नियम लिहिला आणि परत पाठवला. आम्ही श्वास रोखून बसलो. आता पेपर बंद!

दुपारी शिपाई आला, हातात भली मोठी गरम पिशवी. म्हणाला, "सरांनी वडापाव दिलेत. आनि सांगितलंय, शब्द तेच ऱ्हातील!"

* * *

आता बांगड्या. पण ह्यात माझी चूक नाही, हे आधीच सांगून ठेवते. त्या वर्षी मासळी कमी होती आणि बांगडा महाग झाला होता. मी साधं सरळ शीर्षक दिलं, 'सणासुदीच्या तोंडावर बांगड्यांचे भाव कडाडले'. मॅडम परीक्षेच्या ड्युटीवर होत्या. पान सागरनं लावलं. सागर पूर्ण शाकाहारी, घरात मासा कधी आलेलाच नाही. बातमी वाचायला वेळ नव्हता, त्यानं शीर्षक वाचलं. बोईसरच्या बाजारात जाऊन काढलेला हिरव्यागार चुड्याचा इतका सुंदर फोटो टाकला की काय सांगू!

अंक निघाल्या दिवशी बाजारातले बांगडीवाले काका न्यूजरूमच्या दारात. "कुठं वाढवले आम्ही भाव? सकाळपासून बायका भांडतायत, पेपरात आलंय म्हणतायत!" त्यांना खाली बसवून पाणी देतोय, तोवर हिरामावशींचा फोन. "भाव आमचा आनि फोटो चुड्याचा का?"

सागरनं बातमी आता पहिल्यांदा वाचली. वाचता वाचता म्हणाला, "निकी, बांगड्या बर्फात कशाला ठेवतात?"

पुढच्या अंकात चौकट टाकावी लागली. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं आणि सगळ्यात गाजलेलं लिखाण तेच. 'दुरुस्ती : मागील अंकातील बांगड्या हे मासे होते.' त्यावर नाव लावायला मी तयार होते, पण मॅडम म्हणाल्या, "आधी माशांना वाचून दाखव!"

* * *

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. ठरवलं, आता माणूस जसा बोलेल तसंच लिहायचं, कानामात्रा बदलायचा नाही. नेमकी मुलाखत मिळाली एका साहेबांची. विषय, आमच्या बाजूच्या गावांत पाणी एक दिवसाआड का येतं. साहेब बराच वेळ बोलले. मी रेकॉर्ड केलं, सगळं उतरवलं, आणि फोनवर वाचून दाखवलं.

"'म्हणजे कसंय, पाणी हा विषय... त्या दृष्टीनं बघायला गेलं तर... तसा तो आहे. आणि आपण ते त्या पद्धतीनं... नाही का, घेतोच आहोत. आता त्यात जे आहे, ते आहे...'"

मग साहेब हळूच म्हणाले, "हे मी बोललो?"

"हो सर. रेकॉर्डिंग आहे."

"सगळं?"

"शब्द न् शब्द, सर."

मग अगदी मनापासून विचारलेला प्रश्न, "मॅडम, मग पाणी एक दिवसाआड का येतं, ते मी सांगितलं का?"

साहेब प्रामाणिक माणूस. त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतः फोन करून कारण नीट समजावून सांगितलं. बातमी झकास झाली. पण "मी असंच बोललो" म्हणायला ते काही तयार होईनात, कारण एवढं सरळ आपण बोललो यावर त्यांचाच विश्वास बसेना, आणि बातमी गेली प्रतिनिधीकडून!

* * *

सगळ्यात जवळ मी पोहोचले होते घिवलीत. गाव अणुवीज केंद्राच्या शेजारी, त्यामुळे तिथं अधूनमधून आपत्तीची तालीम असते. भोंगा वाजला की लोकांनी घरात जायचं, दारंखिडक्या लावून घ्यायच्या. तालीम छान झाली. मी एका आजींना विचारलं, "भोंगा वाजल्यावर तुम्ही काय केलंत?"

"मासली घेतली आत," आजी म्हणाल्या. "भायेर सुकत टाकलेली. पयली मासली आत घेतली, मंग मी आत गेली. मी काय, मी हाय म्हातारी. मासली ताजी होती!"

मी जसंच्या तसं लिहिलं. लिहितानाच आपल्याला जमलं हे कळत होतं. मॅडमनी वाचलं आणि लाल पेन खाली ठेवलं. असं त्या करत नसत.

फोन लावला. आजींनी ऐकलं, खळखळून हसल्या. "हां! असाच बोलली मी!" मी खुर्चीतून उठलेच. तेवढ्यात त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पन पोरी, नको छापू. माजा पोरगा तिकडं केंद्रात कामाला हाय. त्याची मानसं हसतील, तर तो लाजंल."

मी मॅडमकडे बघितलं. निर्णय माझा होता. मी म्हटलं, "नाही छापत, आजी." आणि फोन ठेवून मी रडले, हे लपवण्यात अर्थ नाही.

सागरनं त्या दिवशी मला चहा पाजला. म्हणाला, "टेन्शन मत ले. ती बातमी आपण तिघांनी वाचली ना? सर्क्युलेशन कमी आहे, बस!"

* * *

लोक विचारतात, पत्रकारितेत काय शिकलीस? मी प्रामाणिकपणे सांगते, मला ह्या लोकांनी वाढवलं. हिरामावशींनी मला हसून शहाणं केलं. सागरनं प्रत्येक वेळी माझ्या पडलेल्या तोंडाचा फोटो काढला आणि कधीही कुणाला दाखवला नाही. आणि चुरी मॅडम! मनात आणलं असतं तर त्या दयेपोटी एकदा माझं नाव टाकून मोकळ्या झाल्या असत्या. टाकलं नाही. माझ्या प्रत्येक फसलेल्या बातमीला त्या पहिल्या बातमीएवढाच वेळ देत राहिल्या. तेव्हा मला त्यांचा राग यायचा. आज एवढंच म्हणते की देवानं प्रत्येकाला एक अशी मॅडम द्यावी.

* * *

आणि हा शेवटचा. शेवटचं सत्र, शेवटचा अंक. आता नाव लागलं तर लागलं, नाहीतर पदवी घेऊन मी प्रतिनिधी म्हणूनच कॉलेजबाहेर पडणार होते.

बातमी होती विक्रमगडच्या पुढच्या एका पाड्यावरच्या सोनीबाईंची. दरवर्षी दिवाळी झाली की त्यांचं घरदार वीटभट्टीवर कामाला जायचं आणि पावसाच्या तोंडावर परतायचं. यंदा त्यांनी मोगरा लावला होता. मोगऱ्याची कळी रोज सकाळी खुडावीच लागते, त्यामुळे घर सोडता आलं नाही. तिकडे नेटवर्क नाही, तेव्हा वाचून दाखवायला मी आणि सागर एसटीनं गेलो. पुढे चालत.

सोनीबाई अंगणात बसून कळ्या पिशव्यांत भरत होत्या. बाजाराची जीप यायची होती. म्हणाल्या, "वाच. हात चालू ऱ्हातील, कान मोकळं हायेत."

मी वाचलं. "'दरसाल होळी भट्टीवर. तिथं होळी कुनाची, तर शेटची. यंदा कळी खुडायची म्हनून घरी ऱ्हायलो, आनि पोरांनी गावची होळी पयल्यांदा बगली. बारका पोरगा इचारतो, आये, ही होळी आपलीच का?'"

हात थांबले. मी विचारलं, "मावशी, तुम्ही असंच बोलला होतात का?"

"परत वाच."

परत वाचलं. त्यांनी सासूला हाक मारली. "परत वाच." मग शेजारणी आल्या. पोरं आली. कुणीतरी म्हाताऱ्याला खाटेवरून उठवून आणलं. "परत वाच!" माझा घसा सुकला. सागर बाजूला तोंड करून पुटपुटला, "बोल दो मौसी, प्लीज..." मी त्याला कोपर मारलं. पढवायचं नाही!

शेवटी मी धीर करून पुन्हा विचारलं, "असंच बोलला होतात का?"

"बोलले तं!" सोनीबाई म्हणाल्या. "माजाच बोलना मलाच काय इचारतेस?"

सागरनं खांद्यावरची पिशवी हवेत उडवली. सोनीबाई कागदाकडे बघत होत्या. बोट पुढे करून म्हणाल्या, "ह्यात माजा नाव कुठं हाय?"

मी दाखवलं. त्यांनी त्या अक्षरांवरून हळूच बोट फिरवलं.

"आनि तुजा?"

"माझं अजून नाही घातलं," मी म्हटलं. "आता घालणार. वरती."

"वरती?" सोनीबाईंनी कागद माझ्या हातातून काढून घेतला, नीट बघितला आणि परत दिला. "तुजापन घाल, पोरी. पन माज्या खाली!"